पहिल्या वर्षाला एक देह हवा

बारामतीहून इंदापूरकडे जाताना निमगाव केतकीच्या अलीकडे, रस्त्याला लागून पोल्ट्रीची दोन लांबलचक शेडं होती. कोंबड्यांच्या धंद्यात मन रमेना म्हणून मालकाने शहाण्णव साली तिथे होमिओपॅथीचं कॉलेज काढलं. जाळ्या काढून खिडक्या बसवल्या, फरशी घातली, भिंतींना चुना फासला. पाऊस झाला की कोंबड्यांचा वास अजून यायचा, पण बाकी सगळं कॉलेजसारखं होतं. फळे होते, बाकं होती, रंगीत तक्ते होते, पुण्याहून आणलेला सांगाडा होता, उघडून आत बघता येईल असं प्लॅस्टिकचं हृदय होतं. शरीररचना शिकवायला खुद्द प्राचार्य डॉ. शंभूराज होते. नव्हता फक्त मृतदेह.

तो ठेवायची टाकी मात्र तयार होती. पांढऱ्या टाइल्स लावलेली, माणूस आडवा मावेल एवढी. पहिल्या वर्षाची पोरं तिच्यात जेवणाचे डबे आणि दप्तरं ठेवायची.

"देह मिळत नाहीत असं नाही," शंभूराज सर वर्गात सांगायचे. "मिळतात. पण ते मोठ्या कॉलेजांना मिळतात."

जानेवारीत तपासणी समिती येणार होती. टाकी कोरडी दिसली तर कॉलेजला पुढची मान्यता मिळणार नव्हती. म्हणजे पहिलं वर्ष पास झालेल्या पोरांना दुसरं वर्षच नव्हतं. सरांनी सप्टेंबरात पालकांची सभा बोलावली आणि हे सगळं जरा आडवळणाने त्यांच्या कानावर घातलं. कुणाच्या ओळखीने कुठे सोय झाली तर बघावं, एवढंच त्यांना म्हणायचं होतं.

सभेत रश्मी लोंढेचे आजोबा बसले होते. रश्मीचे वडील बुद्धघोष भोसरीला कंपनीत होते, पण कॉलेज गावाजवळ निघालं म्हणून पोरगी आजी-आजोबांकडे निमगावात राहायला आली होती. आजोबांना सगळे अप्पा म्हणायचे. ते इंदापूरच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. सगळी नोकरी माइकवर गाड्या पुकारण्यात गेल्यामुळे घरात त्यांनी चहात साखर मागितली तरी फलाटावर गाडी लागल्यासारखं वाटायचं. छप्पन सालच्या धर्मांतराला ते पंचविशीच्या आत होते. देव्हारे, अंगात येणं, गंडेदोरे यांच्याशी त्यांचं तेव्हापासून जे भांडण सुरू झालं ते अजून मिटलं नव्हतं.

अप्पा उभे राहिले. "सर, दुसऱ्याच्या तोंडाकडं कशाला बघायचं? माझा घ्या. मी माझा देह कॉलेजला दिला."

टाळ्या वाजल्या. सरांनी स्वतःच्या खुर्चीवरची शाल काढून अप्पांच्या खांद्यावर टाकली. ती सकाळी संस्थेच्या अध्यक्षांसाठी आणलेली होती. सभेतून बाहेर पडताना सरांनी अप्पांचा हात दोन्ही हातांत धरला आणि मनापासून विचारलं, "तब्येत कशी असते, अप्पा?"

"एकदम ठणठणीत," अप्पा म्हणाले.

"छान, छान," सर म्हणाले.

घरी त्यांची बायको केसरबाई चुलीपुढे होती. तिने ऐकून घेतलं आणि भाकरी उलटली.

"आन मला इचारलं का?"

"तुला काय इचारायचं? देह माझा हाय."

"तुमचा हाय व्हय? चाळीस वर्षं त्याला खायाला कुणी घातलं?"

रश्मीची अडचण वेगळी होती. "अप्पा, आमच्याच वर्गात याल की तुम्ही. मी तुमच्या पोटात सुरी घालायची का?"

हे अप्पांच्या डोक्यात आलं नव्हतं. मग म्हणाले, "मार्क पडतील का न्हाय त्याचे?"

त्यानंतर अप्पांना नवं काम मिळालं. कन्हेरी, कऱ्हाटी, जिथे नातलग असतील तिथे ते देहदानावर बोलायला जाऊ लागले. आधी कॉलेजात मागच्या बाकावर बसून एक-दोन तास ऐकायचे, मग चहाच्या टपरीवर लोकांना यकृत समजावून सांगायचे. "देह म्हंजे काय? अंगात घातल्याला सदरा. निघताना कुणाच्या तरी उपयोगाला द्यावा का न्हाय?" कऱ्हाटीला केसरबाईचा भाऊ सोनबा सभेतच उठला आणि म्हणाला, "दाजी, आमाला निदान शेवटचं तोंड तरी बघू देणार का न्हाय?" अप्पांनी त्याला माइकशिवायच असं गप्प केलं, की बिचारा जेवायला थांबलाही नाही.

कॉलेजात मात्र अप्पांना फार मान होता. ते आले की पोरं उठून उभी राहायची. एकदा त्यांना खोकला झाला तर शंभूराज सर स्वतः घरी येऊन गेले, खोकल्याचं औषध दिलं आणि कॅलेंडरकडे बघत थोडा वेळ बसले. त्यांचा स्वभाव वाईट नव्हता. औषध त्यांनी मन लावून निवडलं होतं. अप्पा बरे झाले.

ऑक्टोबरात एकदा रश्मी डबा विसरली म्हणून केसरबाई तो घेऊन कॉलेजात गेली. पोरं बाहेर गेली होती. शरीररचनेच्या खोलीत सर एकटेच होते. केसरबाई दारात उभी राहून सांगाड्याकडे बघत राहिली.

"ही बाई का बाप्या?"

सरांनी पुस्तकात वाचलं होतं तसं कमरेच्या हाडाकडे बघून सांगितलं, "बाई आहे, आजी. हाड रुंद आहे."

"कुठली?"

"ते नाही कळत."

"म्हंजे हिला कुणी इचारलंच न्हाय." केसरबाईने सांगाड्याच्या मनगटाला बोट लावून बघितलं आणि डबा ठेवून गेली.

दुसऱ्या दिवशी ती परत आली, अप्पांना घेऊन. "सर, माझं बी नाव लिवा."

अप्पा हसायला लागले. "हिच्यात काय बघायचं राह्यलंय?"

"तुमच्यात हाय त्येच. वर चार बाळंतपणं जास्त." मग ती सरांकडे वळली. "सर, मी नवी नांदायला आले तवा वस्तीत डाक्टर यायचा. गोळी वरनं टाकायचा हातात. नाडी बी कंदी धरली न्हाय त्यानं. आता बघू द्या म्हणावं समद्यांना, नीट हात लावून."

अप्पांचं हसू थांबलं. सरांनी मान खाली घालून फॉर्म काढला. साक्षरतेच्या वर्गात शिकलेली सही केसरबाईने ओठ दाबून केली. नातेवाइकाची संमती म्हणून अप्पांनी खाली सही ठोकली. गावोगाव भाषणं करणाऱ्या माणसाला दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं. "शंभर वर्षं जगा आजी," सर म्हणाले, आणि या वेळी त्यांच्या बोलण्यात काही खोट नव्हती. त्यांची भिस्त अप्पांवर होती.

डिसेंबरात एका सकाळी केसरबाई हरभऱ्याची भाजी खुडायला रानात गेली. खुडता खुडता छातीत कळ आली म्हणून बांधावर बसली, ती उठलीच नाही. ओटीत भाजी तशीच होती. गावातल्या डॉक्टरांनी बघून सांगितलं, हृदय बंद पडलं.

दुपारपर्यंत अंगण माणसांनी भरलं. कऱ्हाटीहून सोनबा आला, भोसरीहून बुद्धघोष निघाला होता. पांढऱ्या चादरीवर केसरबाईला ठेवलं होतं. अप्पा भिंतीला टेकून बसले होते, आणि इतकी माणसं असून त्यांचा आवाज कुणी ऐकला नव्हता.

शंभूराज सर मारुती ओम्नी घेऊन आले. सोबत हार होता. हार घालून ते बराच वेळ हात जोडून उभे राहिले, मग अप्पांजवळ उकिडवे बसले आणि अगदी हळू म्हणाले, "अप्पा, आजींची इच्छा..."

"न्हाय," अप्पा म्हणाले.

"उद्यापर्यंत थांबलं तर उशीर होईल. पुण्याहून माणूस बोलावलाय, देह टिकवायचं औषध भरायला."

"सर, माझा नंबर आधी हाय. मी आधी फॉर्म भरलाय. ठरलं तसं होऊ द्या."

"पण अप्पा, तुम्ही..."

"जित्ता हाय. व्हय. त्याला मी काय करू?"

रश्मी आजीच्या उशाशी बसली होती. ती म्हणाली, "अप्पा, आजीनं सही केली होती. खाली तुमची बी हाय."

"तू कापणार का तिला?" अप्पांनी विचारलं. रश्मीने आजीच्या कपाळावरचे केस मागे सारले. मग म्हणाली, "न्हाय. माझ्यानं व्हनार न्हाय ते. पण मी कापणार न्हाय म्हणून आजीची इच्छा बदलती का?"

अप्पांनी तोंड फिरवलं. सोनबाने हे सगळं ऐकलं होतं. तो पुढे आला, भाऊजींच्या खांद्यावर हात ठेवला. त्याच्या मनात वाकडं काही नव्हतं, बहीण गेल्याचं दुःख होतं आणि दाजींची कीव आली होती.

"ऱ्हाऊ द्या दाजी," तो समजुतीने म्हणाला. "मनाला लावून घिऊ नगा. भाषणात बोलायचं आसतं ते. करायचं नसतं. आमाला म्हायतीच हुतं."

अप्पांनी त्याच्याकडे बघितलं. मग भिंतीला हात लावून उभे राहिले, आणि सकाळपासून पहिल्यांदा त्यांचा आवाज अंगणाबाहेर गेला.

"गाडी मागं घ्या! दाराला लावा!"

बौद्धाचार्यांनी त्रिसरण, पंचशील म्हटलं. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. रश्मीला दिसत होतं, की आजोबांनी हे तत्त्वासाठी केलेलं नाही, मेव्हण्याला खोटं पाडायला केलंय. आजीला हे कळलं असतं, आणि तिला त्यात काही नवल वाटलं नसतं, असंही तिच्या मनात आलं. अप्पा ओम्नीत मागे बसले, एका हाताने चादर धरून. रस्त्याला प्रत्येक खड्ड्याला त्यांनी ड्रायव्हरला शिव्या घातल्या. बुद्धघोष थेट कॉलेजातच पोचला. त्याने टाकीच्या काठावर डोकं टेकलं आणि कुणाशी काही न बोलता टाकीतून काढलेले पोराटोरांचे डबे ठेवलेलं बाक आवरून दिलं.

काही दिवस गेले आणि तास सुरू करायची वेळ आली. सरांनी रश्मीला सांगितलं, तू ग्रंथालयात बस, तुझी हजेरी लागेल. ग्रंथालय म्हणजे दोन कपाटं होती आणि तिथे थंडी फार होती. रश्मी शरीररचनेच्या खोलीबाहेर व्हरांड्यात, दाराकडे पाठ करून बाकावर बसली. मांडीवर पुस्तक होतं.

आत सरांनी पांढरा ॲप्रन घातला होता. पोरं टेबलाभोवती उभी होती. आजींचं तोंड झाकलेलं होतं. सरांनी सुरी घेतली, हातावर टेकवल्यासारखी केली आणि परत उचलली. बराच वेळ असं चाललं. कुणी खोकलं तरी सर तिकडे बघायचे.

थोड्या वेळाने स्वप्नाली, रश्मीच्या बाकावर बसणारी मुलगी, बाहेर आली. तिच्या डोळ्यांतून औषधाच्या वासाने पाणी येत होतं.

"अगं, सरांना कुठनं सुरू करायचं तेच कळंना. त्यांच्या कॉलेजात बी देह न्हवता म्हणं. तक्त्यावरच पास झाल्यात सगळे. आत्ता सांगत हुते. रडकुंडीला आल्यात."

रश्मीला हसू आलं आणि हसताना तिला रडू आलं. दोन्ही पुसून झाल्यावर तिने पुस्तक उघडलं, पहिल्या धड्याचं पान काढलं, आणि पाठ तशीच दाराकडे ठेवून मोठ्याने वाचायला लागली. इंग्रजी वाक्य वाचायची, मग त्याचं मराठी करून सांगायची.

"हात अंगापासून बाजूला घ्या. तळवा वर करा. कातडी तेवढीच कापायची, खाली सुरी जाऊ द्यायची न्हाय."

आत काही हललं. मग सरांचा आवाज आला. "रश्मी, थोडं सावकाश."

तिने सावकाश वाचलं. अडखळली तिथे थांबली, परत वाचलं. तास संपला तेव्हा पोरं एकेक करून तिच्यापुढून गेली. कुणी तिच्याकडे बघितलं नाही. शेवटी सर आले. ॲप्रन काढून हातावर घेतला होता.

"उद्याही वाचशील?"

"वाचीन."

"हातावर गोंदण आहे त्यांच्या," सर म्हणाले. "तेवढी कातडी आम्ही ठेवलीय. तिथे नाही लावला हात."

रश्मीने मान हलवली आणि पुस्तक मिटलं. त्यानंतर रोज ती बाकावर बसून वाचायची आणि आत वर्ग तिच्या वाचण्यावर चालायचा. शरीररचना त्या वर्षी त्या कॉलेजात खऱ्या अर्थाने शिकले ते बहुधा शंभूराज सर.

जानेवारीत समिती आली. तीन माणसं होती, त्यांना बारामतीत दुसरीही एक तपासणी उरकायची होती. त्यांनी तक्ते बघितले, सांगाडा बघितला, टाकीचं झाकण उघडून लगेच लावलं. एकाने नाकाला रुमाल धरून विचारलं, "झाकण घट्ट बसतं ना?" सर म्हणाले, बसतं. मग सगळे मटणाच्या जेवणाला गेले. अहवालात लिहिलं गेलं, देह एक, समाधानकारक. कॉलेजला मान्यता मिळाली.

संस्थेने लगेच सत्काराचा कार्यक्रम ठेवला. अर्थात अप्पांचा. अध्यक्षांनी भाषणात सांगितलं की आमच्या अप्पांनी सर्वस्व दिलं, असा त्यागी माणूस तालुक्यात दुसरा नाही. अप्पांना शाल, नारळ आणि माइक दिला. माइक हातात घेऊन ते एवढंच म्हणाले, "दिलं तिनं. मी नगं म्हणत हुतो." पण खाली टाळ्या इतक्या वाजत होत्या की पहिल्या रांगेलाही ते ऐकू गेलं नाही. लोकांना वाटलं, विनय आहे.

इंदापूरच्या एका साप्ताहिकाने पहिल्या पानावर बातमी छापली. शाल घेतलेल्या अप्पांचा मोठा फोटो, आणि वर ठळक अक्षरात, "देहदाते अप्पा लोंढे यांचा देह महाविद्यालयास प्राप्त."

त्या आठवड्यात निमगावात माणसांची रीघ लागली. एसटीतले जुने ड्रायव्हर, कंडक्टर, कॅन्टीनवाला, नियंत्रण कक्षातले सोबती, सगळे भेटायला यायचे. दार अप्पाच उघडायचे. बारामती डेपोचा रिटायर ड्रायव्हर गेणबा कागदात गुंडाळलेला हार घेऊन आला होता. अप्पांना बघून तो दोन पावलं मागे सरला आणि तुळशीच्या कुंडीत बसता बसता राहिला. कुंडी शेजाऱ्यांची होती.

"ये गेणबा. जय भीम. आत ये."

"अवो, तुमी तर... पेपरात..."

"मी न्हाय गेलो. केसर गेली."

"वैनी?" गेणबा खाली बसला. "मग फोटू तुमचा कसा?"

"माझा बरा आला म्हणून."

चहा अप्पांनीच केला. तो गोड होता की नाही ते त्यांनाही सांगता आलं नसतं. येणाऱ्या प्रत्येकाला त्यांना पहिल्यापासून सांगावं लागायचं. आधी फक्त 'गेली' एवढंच सांगायचे. मग हरभऱ्याच्या रानाचं सांगू लागले. मग गोळी वरनं टाकणाऱ्या डॉक्टरचं. मग आपण नको म्हणालो ते, आणि सोनबा काय म्हणाला तेही. यकृताचा विषय कुणी काढला नाही, त्यांनीही काढला नाही. कऱ्हाटी, कन्हेरीची भाषणं बंद झाली. कुणी बोलवायला आलं तर म्हणायचे, "मला त्यातलं काय कळत न्हाय."

त्या संध्याकाळी गेणबा गेल्यावर रश्मी ओट्यावर पुस्तक घेऊन बसली होती. अप्पा जवळ येऊन बसले. कॉलेजात काय चाललंय हे त्यांनी आजवर एकदाही विचारलं नव्हतं.

"उद्या काय हाय?"

"पाय, अप्पा."

अप्पांनी आपल्या डाव्या गुडघ्याला हात लावला. "तिचा डावा गुडघा दुखायचा. लई वर्षं. सरांना म्हणावं, बघा जरा काय हुतं ते."

दुसऱ्या दिवशी रश्मी बाकावर बसली. पान उघडलं, पण वाचण्याआधी तिने दाराकडे न बघता सांगितलं, "सर, डावा गुडघा आधी बघा. घरनं सांगितलंय."

आत कुजबुज झाली. मग तिने वाचलं, ते पोरांनी केलं, आणि बऱ्याच वेळाने सर स्वतः दारात आले.

"फार झिजलाय," ते म्हणाले. "हाडावर हाड घासतंय. पुस्तकात चित्र आहे तसंच. रश्मी, आजी चालत कशा होत्या गं?"

घरी आल्यावर तिने हे जसंच्या तसं सांगितलं. अप्पा बाजेवर बसून ऐकत होते.

"आमी कुठं निघालो की ती मागं ऱ्हायची," ते म्हणाले. "दर खेपेला. मला वाटायचं, मुद्दाम करती. मी पुढनं वरडायचो, पाय उचल की, गाडी काय तुझ्यासाठी थांबणार हाय व्हय."

रश्मीने दप्तर खाली ठेवलं. अप्पांनी विचारलं, "आन उजवा?"

"उजवा उद्या बघणार हायत."

"बघ म्हणावं," अप्पा म्हणाले, आणि उठून चुलीकडे गेले.